आईची उंची
मैदान आखताना फक्कीचा वास आला की शिरूरच्या शाळेतली ती दुपार आठवते. मी नववीत होते आणि कबड्डीत चढाई चांगली करायचे. पुण्याहून मुली निवडायला आलेले सर म्हणाले, "खेळ चांगलाय, पण उंची कमी पडते. अजून किती वाढेल ते आईवरनं कळेल. आई आल्यात का?" वडील शांतपणे म्हणाले, "बराबर हाय. गाय बघूनच कालवड घ्यावी." कांद्याच्या वावरातून तशीच आलेली आई पुढं झाली, पदर सावरून ताठ उभी राहिली. सरांनी तिला न्याहाळलं आन् माझं नाव लिहून घेतलं. मी तिच्या मागं होते. साडीच्या काठाखाली तिच्या टाचा चपलेपासून चांगल्या वर उचललेल्या होत्या. आता मुली मी निवडते, पण कुणाची आई समोर उभी राहिली तर टाचांकडं बघत नाही.