हेमराजबाबूचे चारशे रुपये

पत्ते खेळायला बसण्याआधी हेमराजबाबू ओसरीत उभा राहून लोकांच्या वहाणा पाहायचा. कुणाच्या वहाणेला ठिगळ, कुणाचा अंगठा तुटलेला, कोण अनवाणीच आलाय. मग आत येऊन तो नेमका ठिगळवाल्याच्या समोर बसायचा. त्याला मी तोंडावर 'तुम्ही' म्हणत असे. पाठीमागे 'ते' म्हणणं मी केव्हाच सोडलं, आणि आता तो गेल्यावर तर म्हणणारच नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीची ती वर्षं. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. हेमराजबाबू स्टेशनच्या मालगोदामात कारकून, मी पार्सल ऑफिसात. आमच्या क्वार्टरांची भिंत एक. मी वर्ध्याकडून नवा आलेला, एकटा. शेजारचा मोठा बाबू रविवारी दुपारी आपल्याला बरोबर नेतो याचंच मला अप्रूप होतं. दोन वर्षं मी त्याचा भक्त होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण होतो.

रेल्वे फाटकाजवळच्या एका चहाच्या हॉटेलामागे चटई टाकून तीन पत्तीचा डाव बसे. एक आण्याचा खेळ. रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले, हमाल, बिडी वळणारे असे लोक. ज्याला आपल्या पानांचा भरवसा तो पैसे वाढवत जातो, ज्याला धीर धरवत नाही तो पानं टाकतो आणि आधी घातलेलं गमावतो. एवढाच तो खेळ. हेमराजबाबू तिथे जवळपास दर रविवारी जिंकायचा.

कसा, ते मला एकदा दिसलं. सुखराम सांधेवाल्याच्या हातात राण्यांची जोडी होती. हेमराजबाबूकडे काहीच नव्हतं, मी मागून पाहत होतो. त्याने शांतपणे आठ आणे पुढे सरकवले. सुखरामने आठ आण्यांकडे पाहिलं, पानांकडे पाहिलं आणि पानं टाकली.

"काऊन टाकले गा?" हेमराजबाबूने हसत विचारलं.

"घरी तांदूळ न्याचा हाय, बाबू," सुखराम म्हणाला.

परतताना हेमराजबाबू मला म्हणाला, "पाह्यलं, भाऊ? हा खेळ पत्त्याचा नाही. समोरच्याच्या पोटाचा हाय." केवढं शहाणपण ऐकलं असं मला तेव्हा वाटलं. एका सांधेवाल्याच्या पोटावर बसून हा माणूस स्वतःला खेळाडू म्हणवतो, हे कळायला मला फार वेळ लागला.

त्याची नजर मात्र वरच्या डावावर होती. आमगावच्या रस्त्यावर आमराईत लाकडाच्या एका ठेकेदाराचा बंगला होता. तिथे गिरणीवाले आणि मोठ्या माड्यांचे मालक रुपयाच्या डावाने खेळत. वॅगनींच्या कामामुळे ठेकेदार त्याला ओळखायचा, आणि "आइए कभी, बाबूजी" असं दोनदा म्हणालाही होता. पण वर केव्हा जायचं, यावर हेमराजबाबूचं एक शास्त्र होतं. "खालच्या चटईवर जो वाघ नाही झाला, तो वरती बकराच होते." आणि दुसरं, "चारशे डाव हरता येतीन एवढा पैसा पाहिजे. मंग भेव राह्यत नाही." म्हणजे चारशे रुपये. सहा वर्षं तो आण्या-आण्याने ते एका बिस्किटांच्या डब्यात साठवत होता. सांध्यावर उभ्या राहणाऱ्यांचे आणि बिड्या वळणाऱ्यांचे आणे. तो त्याला 'तयारी' म्हणायचा.

त्याची बायको जसोदाबाई आमगावजवळच्या एका खेड्यातली, तलाव बांधणाऱ्या कोहळींच्या घरातली लेक. तिच्या माहेरी तलावाखालच्या तीन बांध्या विकायला निघाल्या होत्या. पाणी हमखास पोचेल अशी धानाची जमीन. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

"त्या डब्ब्यात कायले ठेवून राह्यले पैसे? अंडे देते का तो?"

"तुले नाही समजत. चारशाचे हजार करतो, मंग घे तुह्या बांध्या."

"हजार होयेपर्यंत बांध्या थांबतीन का?"

त्यावर तो हसायचा. बायकांना पैशाची वाढ कळत नाही, असं दुसऱ्या दिवशी मला सांगायचा. मीही मान हलवायचो.

दिवाळीनंतरच्या रविवारी चारशे पुरे झाले. हेमराजबाबूने दाढी केली, धोतर बदललं, डबा काखेत घेतला आणि साक्षीदार हवा म्हणून मला बरोबर नेलं. दुपारचे तीन वाजले असतील. बंगल्याच्या व्हरांड्यात गादी घातलेली, सहाजण बसलेले. आम्हाला जागा करून देण्यात आली. कुणी फारसं वळूनही पाहिलं नाही.

पाचव्या-सहाव्या डावाला त्याला पानं आली. तिन्ही एकाच रंगाची, वर एक्का. खालच्या चटईवर अशी पानं आली असती तर त्याने सुखरामचं धोतर फेडलं असतं. एकेक करून बाकीच्यांनी पानं टाकली. राहिला फक्त ठेकेदार. त्याने आपली पानं पाहिलीच नव्हती. तो शेजाऱ्याशी सागाच्या भावाबद्दल बोलत होता. बोलता बोलता त्याने पंचवीस रुपये पुढे टाकले.

पानं न पाहता खेळणाऱ्याने जेवढे टाकले, त्याच्या दुप्पट पाहणाऱ्याने टाकायचे, असा नियम. म्हणजे हेमराजबाबूने पन्नास टाकायचे आणि पानं उघडायला सांगायचं. पन्नास हा त्याचा महिन्याचा पगार. डब्यात अजून साडेतीनशेच्या वर होते. त्याच्याच शास्त्राप्रमाणे भिण्याचं कारण नव्हतं. त्याने पानं तीनदा पाहिली. त्याच्या मानेवर घाम आला. मला वाटलं, आता टाकतो.

त्याने पानं टाकली. पैसे नव्हे, पानं.

ठेकेदाराने आपली पानं सहज उलटली. दुर्री, पंजा, नव्वा. तीन रंगांची. काहीच नाही. तो हसला असता तरी बरं झालं असतं. पण त्याला हसण्याइतकंही त्यात काही वाटलं नाही. "बाबूजी, चाय लेंगे?" एवढंच म्हणाला आणि पुन्हा सागाकडे वळला.

त्यानंतरचा प्रत्येक डाव हेमराजबाबूने पानं पाहताच टाकला. अर्ध्या तासाने तो उठला. छत्तीस रुपये गेले होते. रस्त्यात मला म्हणतो, "पैसा वाचवला, भाऊ. डोकं शांत ठेवलं म्हणून." दोन वर्षांची भक्ती त्या आमराईतून फाटकापर्यंतच्या वाटेत संपली.

जसोदाबाई दारातच होती. "किती आणले?"

"तीनशे चौसष्ट."

तिने डबा हातातून घेतला. रागावली नाही, रडली नाही. मला विचारलं, "भाऊजी, उद्या आमगावची गाडी कितीले हाय?"

बांध्या तिने स्वतःच्या नावावर घेतल्या. तो एका शब्दाने आडवा आला नाही. आडवं यायलाही हिंमत लागते.

बंगल्यातली गोष्ट मी हॉटेलात सांगितली. सांगायला नको होती. पण सांगताना मला गोड वाटत होतं, हेही खरं. पुढच्या रविवारी हेमराजबाबूने सुखरामसमोर आठ आणे सरकवले. सुखरामने खिशातून आठ आणे काढले आणि चटईवर ठेवले.

"दाखवा, बाबू."

दाखवण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या डावात एका हमालाने तेच केलं. मग एका बिडीवाल्याने. त्यांना पत्ते जास्त चांगले कळू लागले होते असं नाही. एवढंच कळलं होतं की हाही भितो. तीन रविवारांनंतर हेमराजबाबू तिकडे फिरकला नाही.

नोकरी सुटल्यावर तो बायकोच्या गावी राहायला गेला. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडाशी, तो आजारी असल्याचं कळलं म्हणून मी भेटायला गेलो. खाटेवर हाडं उरली होती. मला वाटलं, काही सुखदुःखाचं बोलेल. त्याने मला जवळ बोलावलं आणि कुजबुजला, "भाऊ, माह्यं गणित चुकलं. चारशे कमी पडले. पाचशे पाहिजे होते."

मरायला टेकलेल्या माणसाचा तिरस्कार करू नये म्हणतात. मी केला.

बाहेर जसोदाबाई चिखलाचे पाय धूत होती. तीन बांध्यांच्या आता आठ झाल्या होत्या. मी विचारलं, वहिनी, चौथी घ्यायची हे कधी ठरवलंत?

"ठरवाचं काय त्याच्यात? तीन आमच्या हातानं पिकून राह्यल्या होत्या. चवथी बुडली असती, तरी तीनीवर खाल्लं असतं." मग म्हणाली, "चाला, तुमची गाडी जाईन."

दीड-दोन महिन्यांनी तिचं कार्ड आलं. शाळेच्या गुरुजींकडून लिहवून घेतलेलं, दोन ओळींचं. 'हे सोमवारी गेले. आठही बांध्यांतला धानाचा रोवणा त्याच्या आदल्या दिवशी आटोपला होता.'