मालूबाईच्या दारातले चार डोळे

बहादरपूरच्या मालूबाईला आपल्याकडे कोणी टक लावून बघितलेलं जन्मात खपलं नाही. लग्नात फोटोवाल्यानं "इकडे बघा" म्हटलं, तर हिनं पदर नाकापर्यंत ओढला. त्या फोटोत नवरा दिसतो आणि त्याच्या शेजारी एक लुगडं दिसतं, बस. अशी ही बाई आपल्याच घराला कॅमेरे लागावेत म्हणून जिवाचा आटापिटा करत होती, असं सांगितलं तर कोण विश्वास ठेवील? पण झालं ते असं.

मालूबाईचा एकुलता एक लेक नीलेश नोकरीनिमित्त इंदूरला. गेल्या श्रावणात ती अंगणातल्या हौदापाशी शेवाळावरून घसरून पडली. हात मुरगळला, दुसरं काही नाही. हळद लावली आणि विषय संपवला. लेकाला कळवायचा प्रश्नच नव्हता. पण शेजारच्या लोटूभाऊंच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! नीलेशचा फोन आला तसं त्यांनी हवापाण्याच्या गप्पांत तेही सांगून टाकलं. नीलेश तडक आला आणि म्हणाला, "माय, पुरे झालं आता. इंदूरले चल."

इंदूरला चौथा मजला आणि दिवसभर बंद दार. मालूबाईचा जीव तिथं चार दिवसांत घुसमटायचा. इथं तिचं अंगण होतं, मागे केळीचा बाग होता, आणि ओसरीवर कडूभाऊंची बाज होती. कडूभाऊ म्हणजे तिचा नवरा. आधीची दोन लेकरं दगावली म्हणून आईबापांनी याचं नाव कडू ठेवलं, दृष्ट लागू नये म्हणून. नाव कडू, पण माणूस उसाच्या कांड्यासारखा गोड. तो गेल्याला बरीच वर्षं झाली, तरी ती बाज अजून त्याच जागी होती आणि मालूबाई संध्याकाळी तिथंच टेकायची. ते सोडून ती जाणार होती होय?

माय-लेकाची बरीच रस्सीखेच झाली आणि शेवटी तोडगा निघाला. नीलेशनं घराला चार कॅमेरे लावले, त्यांचं चित्रण साठवायला एक रेकॉर्डर बसवला. त्याचा कॉलेजातला कॉम्प्युटर घरीच धूळ खात पडला होता, तो ओसरीवर मांडून त्यात घरावर लक्ष ठेवायचं सॉफ्टवेअर टाकलं. अंगणात काही हललं की त्यानं इंदूरला नीलेशच्या मोबाइलवर घंटी वाजवायची आणि चित्र दाखवायचं.

"सकाळी तू अंगणात आली का मले समजलं पाह्यजे," तो म्हणाला. "हे जमलं तर राहा इथंच. नाही जमलं, तर पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो."

घोडं नेमकं इथंच अडलं. रेकॉर्डरच्या पडद्यावर चारही कॅमेरे झकास दिसत होते, पण सॉफ्टवेअर त्यांना ओळखच देईना. नीलेशची सुट्टी संपली, तो गेला. मालूबाईनं दुसऱ्या दिवशी सकाळीच शाहपूरहून दीपकला बोलावून घेतलं. दीपक पंचक्रोशीत कॅमेरे लावत फिरायचा.

"मावशी, टेन्शन नका लेऊ," दीपक बॅग ठेवता ठेवता म्हणाला. "दस मिनट का काम है."

त्या दहा मिनिटांत चहा तीनदा झाला. दीपक एकेका कॅमेऱ्याचा आकड्यांतला पत्ता टाकायचा आणि दर वेळी कॉम्प्युटर सांगायचा, कॅमेरा सापडला नाही. मालूबाई मागे उभी राहून मनातल्या मनात मरीआईला नारळ बोलली. मग एक वाढवून दोन बोलली.

"सापडत कसा नाही? तो काय टांगलाय तिथं!" तिला राहवेना.

दीपकनं रेकॉर्डर उलटा करून दाखवला. "हे बघा मावशी, चारही वायरी याच्या पाठीत घुसल्यात. यानं आतल्या आत आपलं वेगळं घर करून ठेवलंय. कॉम्प्युटर बाहेरून कॅमेऱ्याले हाका मारून ऱ्हायला, पण हाक आत जातच नाही. हा मधे बसलाय ना."

मालूबाईनं तोंडाला पदर लावला आणि ती खो-खो हसत सुटली. "अव माय! म्हणजे ही माझी सासू झाली की रे! माझा सख्खा भाऊ भेटाले आला, तरी आधी तिच्यापाशी ओसरीवर बसायचा. ती आवाज द्यायची, 'धाकटीले बोलवा,' मग मी बाहेर यायची."

"बस, मग आपण बी सासूलेच विचारू," दीपक म्हणाला. त्यानं कॅमेऱ्यांचे पत्ते पुसून टाकले, रेकॉर्डरचा पत्ता आणि पासवर्ड घातला, आणि त्याच्याकडेच एकेका नंबराचा कॅमेरा मागितला. एक नंबर. दोन नंबर. प्रत्येक नंबराला मालूबाई जोरात म्हणायची, "मोठीले बोलव! मधलीले बोलव!" आणि पडद्यावर एकेक चौकोन उजळत गेला. अंगण आलं, दार आलं, मागचा बाग आला. चौथ्या चौकोनात ओसरी आली.

"ही कोण म्हातारी पाठमोरी उभी?" मालूबाईनं विचारलं. "वाकली बिचारी."

"मावशी, तुम्हीच हाव त्या."

ती गर्रकन मागे वळली. वर कोपऱ्यात कॅमेरा होता. त्याच घटकेला फोन वाजला आणि नीलेश इंदूरहून ओरडला, "माय, दिसली! दिसली तू!" मालूबाईला इतका आनंद झाला की तिनं दीपकच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, लोटूभाऊंना दिला, आणि कॅमेऱ्यांना न जुमानता ओसरीवरच एक गिरकी घेतली.

आठवडा मजेत गेला. पण शुक्रवारी लोटूभाऊंची बायको कोकिळा दूध घेऊन आली आणि वर बघत म्हणाली, "मालूबाई, चार डोळे, अन् पापणी एकाचीबी लवत नाही. दृष्ट लागीन व घराले."

झालं! मालूबाईच्या डोक्यात ते पक्कं बसलं. ज्या घरात नवऱ्याचं नावच दृष्टीच्या भीतीनं ठेवलेलं, त्या घराची सून ती. शनिवारी सकाळी तिनं लोटूभाऊंना शिडीवर चढवलं आणि चारही कॅमेऱ्यांपुढे लिंबू-मिरच्या बांधून घेतल्या. मग निवांत मनानं केळीच्या बागात गेली. फोन घरीच राहिला.

दुपारी वारा सुटला. इकडे लिंबू झोके घेऊ लागलं, तिकडे इंदूरला नीलेशच्या खिशात घंटी वाजायला लागली ती थांबेचना. चित्र उघडावं तर पिवळंधमक काहीतरी डोळ्यासमोर येतंय आणि जातंय. घर नाही, अंगण नाही, माय नाही. त्यानं फोन केले, उचलायला कोणी नाही. लोटूभाऊंना लावला, तर तोही लागेना. संध्याकाळी मालूबाईनं उलटा फोन लावला, तेव्हा तो इतका घाबरलेला होता की तिचं काही ऐकायलाच तयार नव्हता.

"ठरलं. उद्या येतो गाडी घेऊन. सामान बांधून ठेव," म्हणाला आणि फोन बंद.

मालूबाई कडूभाऊंच्या बाजेवर बसली आणि ढसाढसा रडली. आपल्याच हातानं आपण घर घालवलं म्हणून रडली. दोन लुगडी पिशवीत भरली, आणि पुन्हा काढून घडी घालून ठेवली.

रविवारी नीलेश आला. दारातच त्याची मान वर गेली आणि तो तसाच उभा राहिला.

"माय, हे काय?"

"दृष्ट लागू नये म्हणून," ती पुटपुटली.

त्याला हसावं की डोकं आपटावं कळेना. लिंबांच्या चित्रांनी कॉम्प्युटर गच्च भरला असणार, ती तरी पुसावीत म्हणून तो बसला आणि आठवड्याचं चित्रण मागे नेऊ लागला. आठवडाभर घंटी वाजली की माय दिसते ना एवढंच बघून तो फोन खिशात टाकायचा. आज पहिल्यांदा तो सगळं बघत होता. उजाडता उजाडता कुंपणावरून डोकावणारे लोटूभाऊ, मालूबाई दिसेपर्यंत तिथून न हलणारे. दुधाचा तांब्या घेऊन कोकिळा. गुरुवारी तर अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरताची पंगत झाली होती, आणि त्या घोळक्यात त्याची माय कोणाला तरी हाणायला लाटणं घेऊन धावत होती. सगळ्या बायका हसून लोळत होत्या.

नीलेशनं तेवढंच पुन्हा मागे नेऊन बघितलं. मग म्हणाला, "माय, माझ्या दारात कॅमेरा लावला ना, तर दिवसभर पार्सलवाल्याशिवाय कोणी दिसणार नाही." त्यानं पडद्यावरच्या घोळक्याकडे बोट दाखवलं. "तू एकटी नाहीस. मीच उगाच घाबरलो. राहा तू इथंच. फक्त ते लिंबू काढ."

मालूबाईनं डोळे पुसले आणि स्वतः शिडीवर चढायला निघाली. नीलेशनं तिला धरून खाली बसवलं आणि तोच चढला.

"काढ बाप्पा," ती खालून म्हणाली. "मायची दृष्ट लेकराले लागते म्हणतात. लेकाची दृष्ट मायले लागलेली कोणी ऐकली का?"

संध्याकाळी गाडी परत निघाली तेव्हा मागच्या सीटवर केळ्यांची फणी आणि डबाभर भरीत होतं. गाडीच्या पुढे तिनं नवं लिंबू ओवून बांधलं होतं.

आता रोज सकाळी मालूबाई सडा घालते, हात पुसते आणि अंगणातल्या कॅमेऱ्याखाली येऊन उभी राहते. त्याला कान नाहीत असं दीपकनं तिला दोनदा समजावलंय. तरी ती पदर मागे सारते, सरळ वर बघते आणि विचारते, "निल्या, चहा झाला का रे?" इंदूरला घंटी वाजते.