यादीतला पहिला नंबर

आमच्या कंपनीच्या बास्केटबॉल संघात पहिल्या पाचात कोण खेळणार, हे कामाला लागताना मिळालेला टोकन नंबर ठरवायचा. ज्याचा नंबर जुना, तो आधी मैदानात. वाळूजच्या कारखान्याला नेणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागासुद्धा याच हिशोबाने मिळायची, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आम्हाला खेळाडू म्हणूनच नोकरीला घेतलं होतं. सकाळी मशिनवर उभं राहायचं आणि जेवणाची सुट्टी झाली की कँटीनमागच्या सिमेंटच्या कोर्टावर जायचं. संघात सगळ्यात जुना नंबर माझा होता, पाठोपाठचा माझ्या मित्राचा. आम्ही दोघं कन्नडहून एकाच दिवशी निवड चाचणीला आलो होतो. रांगेत मी पुढे उभा होतो, एवढाच काय तो फरक.

तो चेंडू पुढे आणायचा, मी रिंगखाली उभा राहून टाकायचो. कितीतरी वर्षं हे झकास चाललं. मग आमचे गुडघे कुरकुरायला लागले आणि आम्ही हरायला लागलो. आधी पुण्या-मुंबईच्या संघांकडून, मग कुणाकडूनही.

लागोपाठ दोन हंगाम तोंड काळं झाल्यावर साहेबांनी मला बोलावलं. वेगळा कोच ठेवणं कंपनीने केव्हाच बंद केलं होतं, त्यामुळे कर्णधारही मी आणि कोचही मीच.

"एवढ्या माणसांना अर्धा दिवस मशिनवरून कशाला सोडता, असं वरचे विचारतात," साहेब म्हणाले. "एक हंगाम देतो. संघ उभा करा. नाहीतर पुढच्या वर्षापासून सगळे पूर्ण पाळीवर."

मी म्हणालो, "साहेब, तरुण पोरं आणतो. आणि याच वर्षी उपांत्य फेरीपण गाठून दाखवतो."

तिथंच मी माती खाल्ली. पडलेला संघ उभा करायचा तर आधी आणखी हरायची तयारी ठेवावी लागते. नवी पोरं चुकणार, चुकता चुकता एकमेकांची चाल ओळखणार, आणि तोवर आपण गपगुमान मार खायचा. 'दोन वर्षं द्या, पहिल्या वर्षी काही मागू नका,' हे साहेबांना तोंडावर सांगायला हवं होतं. ते नाहीच म्हणाले असते कदाचित. पण मी विचारलंसुद्धा नाही. मी घाबरलो होतो. खेळ सुटला तर मी उरतो कोण, हा विचार रोज सकाळी बसमध्ये चढतानाच यायचा.

टोकन नंबरची यादी मोडायची, हे मात्र मी ठरवलं. औरंगपुऱ्यात चहाला बसलो असताना मित्राला सांगितलं.

"चेंडू आता पोरांच्या हातात द्यावा लागंल."

"म्हणजे मी बाहेर?"

"व्हय."

त्याने बशीतला चहा संपवला. "संघ वाचत आसंल तर काढ. माझ्यानं आता पळणं व्हत नाय, मलाबी कळतंय. पोरं कोण कोण घेतलीस?"

मी तिघांची माहिती दिली. त्यातला एक आमच्याच भागातला, कन्नडजवळच्या खेड्यातला. साडेसहा फुटांचा, हात लांबलचक. तिघांनाही वर्षभराच्या करारावर घेतलं होतं. संघ टिकला तरच पुढचं बघू, असं कंपनीने स्पष्ट सांगितलं होतं.

"उंच हाये तो तर तुझ्या जागंवरचा," मित्र म्हणाला.

"शिकंल हळूहळू. घाई काय हाये?"

मी दोघांच्या चहाचे पैसे दिले. पुढच्या सोमवारपासून मित्र पूर्ण पाळीवर गेला, स्टोअरमध्ये.

सरावात तो उंच पोरगा माझ्या डोक्यावरून चेंडू उचलायचा. मी त्याच्या चुका काढत राहिलो. पाय चुकतोय, पाठ वाकत नाही, घाई करतोस. चुका खऱ्या होत्या, पण सामन्यात उतरल्याशिवाय त्या जाणार कशा, हे मला समजत नव्हतं असं नाही. त्याची जागा रिकामी नव्हती. तिथं मी उभा होतो. सामना हातचा गेला की शेवटची दोन मिनिटं त्याला सोडायचो आणि म्हणायचो, बघ, संधी देतोय. तो बिचारा "हो सर" म्हणून पळत आत जायचा.

हरत-जिंकत आम्ही कसेबसे शेवटच्या साखळी सामन्यापर्यंत आलो. सामना शहरातच होता. जिंकलो तर उपांत्य फेरी, हरलो तर संपलं. मित्र पाळी सुटल्यावर डब्याच्या पिशवीसकट थेट मैदानावर आला आणि पायऱ्यांवर बसला.

चौथ्या क्वार्टरला आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. मग त्यांच्या पोरांनी माझ्याच बाजूने हल्ले सुरू केले. माझा उजवा गुडघा उचलला जात नव्हता. रिंगवरून उसळलेला एक रिबाउंड हातून गेला, दुसरा गेला. मी पायऱ्यांकडे पाहिलं. मित्र उभा राहिला होता आणि दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवून खूण करत होता. बदल. बाकावर उंच पोरगा गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता, नजर माझ्यावर. कोच दुसरा कुणी असता तर त्याने मला केव्हाच ओढून बाहेर काढलं असतं. मी मान वळवली. या एका सामन्यापुरता राहतो, असं मनाशी म्हणालो.

पाच गुणांनी हरलो.

साहेबांनी आठवड्यातच संघ बंद केला. तिघा पोरांचे करार वाढवले नाहीत. त्या दिवसापुरता राग मला साहेबांचा आला, कंपनीचा आला, पंचांचासुद्धा आला.

शेवटच्या दिवशी जर्सी स्टोअरला जमा करायच्या होत्या. काउंटरपलीकडे मित्रच होता. हंगामासाठी मी हट्टाने नव्या जर्सी करून घेतल्या होत्या. पोरं एकेक देत गेली, तो उलटून बघून सही घेत गेला. उंच पोरगा जर्सी ठेवून माझ्या पाया पडायला वाकला. "सर, तुमच्याकडून लई शिकलो," म्हणाला. कन्नडची एसटी गाठायची म्हणून निघूनही गेला.

मित्राने त्या पोराची जर्सी आणि माझी जर्सी काउंटरवर शेजारी शेजारी पसरली. माझ्या पाठीवरचा नंबर घासून, धुऊन सोलपटून गेला होता. पोराचा नंबर दुकानातून आणला तेव्हा होता तसाच होता.

"मला काढलंस ते बरूबर केलंस," मित्र म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच सोसवेना. "पण यादी तू दुसऱ्या नंबरापासून मोडलीस."

त्याने पेन पुढे केलं आणि बोटाने दाखवलं, सही इथं कर. मी केली. भोंगा झाला तसा मशिनवर गेलो आणि पाळी संपेपर्यंत तिथंच उभा राहिलो.