गाडीची पाटी

नवीन पुस्तक हातात आलं की नाना ते मागून उघडायचे आणि उभ्याउभ्याच शेवटचं पान वाचून काढायचे.

"अहो नाना, पहिल्या पानानं तुमचं काय घोडं मारलंय?" मी करवादायचे.

"पोरी, गाडी कुठं जाते ते पाटीवर बघूनच माणूस चढतो," असं म्हणून ते पुढचं पुस्तक उचलायचे. नाना जन्मभर एसटीत कंडक्टर होते. मूळचे धुळ्याकडचे, पण यावल-जामनेरच्या फेऱ्या मारता मारता घर जळगावातच झालं.

आमचं वाचनालय म्हणजे जिन्याखालच्या दोन खोल्या. पुस्तकांचा नवा गठ्ठा आला की मी तो दाराजवळच्या टेबलावर मांडते. त्यावर पहिली झडप घालणारा एखादा सभासद तुमच्याही वाचनालयात असेल, बघा. आमच्याकडे तो मान नानांचा. गठ्ठ्याची सुतळी सुटायच्या आत ते हजर. कोण सांगायचं त्यांना, देव जाणे!

पुस्तकं ते स्वतःसाठी नेत नसत. घरी अक्का होत्या, त्यांची बायको. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. दुपारची भांडी आवरली की नाना त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. एकुलती एक मुलगी ऐन तारुण्यात गेली, तेव्हापासून अक्कांना गोष्टीतसुद्धा कुणी गेलेलं सहन व्हायचं नाही. जेवण टाकायच्या. म्हणून ही पाटी बघणं.

"यात कुणी जात नाही ना?" ते विचारायचे. मी बिचारी काय सांगणार? हल्लीच्या कादंबऱ्यांत माणसं फार जातात हो. टेबलावरची निम्मी पुस्तकं नाना हळहळत परत ठेवायचे.

मग एकदा काय झालं कोण जाणे, ते सगळीच पुस्तकं न्यायला लागले. "नाना, यात शेवटी ती नदीत जीव देते," मी सांगितलं, तर म्हणाले, "असू दे, असू दे. गाडी मीच नेतो ना."

याचा उलगडा झाला तो लेखिकाबाई आल्या त्या दिवशी. नवं पुस्तक आलं की जमेल तेव्हा आम्ही त्याच्या लेखकाला बोलावतो. खुर्च्या शेजारपाजारच्या, चहा कोपऱ्यावरचा. बाई पुण्याच्या, छान बोलल्या. "कुणाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर नेहमीप्रमाणे सगळे चपला शोधायला लागले. तेवढ्यात नाना उठले.

"ताई, तुमची ती सुशी नदीवर गेली ती परत आलीच नाही."

"हो. ते अटळच होतं," बाई म्हणाल्या.

"मी आणली तिला."

"कुठून?"

"नदीवरून. पुलावर यावलची गाडी थांबवली, तिला आत घेतली, घंटी मारली. आईच्या दारात सोडली." नाना हात जोडून उभे होते. "आमच्या घरी ती सुखरूप आहे. तुमची परवानगी असावी म्हणून विचारलं."

खोलीत हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. जागेवरून उठल्या आणि नानांना वाकून नमस्कार केला. म्हातारा असा लाजला म्हणता! पुढे आठवडाभर तो मान वर करून माझ्याशी बोलला नाही.

त्यानंतर मी मुद्दाम विचारायचे, "मग नाना, काल कोण आलं गाडीनं?" कुणाचा नवरा यायचा, कुणाची लेक यायची. एका पुस्तकातला लढाईवर गेलेला राजासुद्धा जामनेरच्या गाडीनं घरी आला होता.

"अक्कांना संशय नाही येत?"

"छे! भोळी आहे ती," नाना म्हणायचे.

मागच्या हिवाळ्यात नाना गेले. बारा-तेरा दिवस सरल्यावर मी अक्कांकडे गेले. खाटेशेजारी आमचंच पुस्तक होतं, पानांत खूण म्हणून बसचं तिकीट.

"वाचतेस का गं? अर्धंच राहिलं," अक्का म्हणाल्या.

रोज दुपारी जाऊन वाचायला लागले. परदेशी गेलेल्या भावाची बहीण वाट बघते, अशी ती गोष्ट. शेवटच्या पानावर तिला कळतं की भाऊ आता कधीच येणार नाही. ते पान जवळ आलं तशी माझी जीभ अडखळायला लागली. नाना सहज करायचे ते मला कसं जमणार?

"थांब," अक्का म्हणाल्या. "आता पान उलटू नको."

मी दचकलेच.

"हे शेवटाजवळ आले की पान उलटल्याचा आवाज बंद व्हायचा. गोष्ट मात्र चालूच. अन् बठ्ठ्या गोष्टीत, अगदी राजाच्यासुद्धा, एसटी कशी येईल गं?" त्यांना हसू आलं. "मी आंधळी शे, येडी नही."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मला हसवायला किती जीव टाकायचा तो माणूस. मलाही तेच ऐकायचं असायचं." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "पुस्तक मीट आता. सांग, गाडी आली का?"

मी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, की संध्याकाळी स्टॅंडवर गाडी लागली. बाया उतरल्या, गाठोडी उतरली, भाऊ उतरला. बहिणीनं त्याला ओळखलं.

"अन् कंडक्टर?" अक्कांनी विचारलं.

"तो सगळ्यांच्या मागून उतरतो ना, अक्का. सगळे उतरले की नाही ते बघून. येतीलच आता."

"हां," अक्का म्हणाल्या, आणि खाटेवर थोडी जागा करून सरकून बसल्या.