मागचे दांडे

मी लष्कराच्या वैद्यकीय दलात गेलो तो काही शौर्यापोटी नाही. आत्याचं म्हणणं होतं, की दवाखान्याच्या आसपास राहिलं म्हणजे गोळ्या फक्त गिळाव्या लागतात. तिचं ऐकून मी स्ट्रेचर उचलणारा झालो आणि आगीतून फुफाट्यात पडलो. तोफा सुरू झाल्या की बाकीचे आडोसा शोधतात, आम्हाला नेमकं तेव्हाच बाहेर काढतात.

कवायतीत माझी पावलं कधीच कुणाशी जुळली नाहीत. सगळ्यांचा डावा, तर माझा उजवा. हवालदाराने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण स्ट्रेचर उचलताना तोच नियम निघाला! पुढच्याने डावा पाय टाकला की मागच्याने उजवा टाकायचा, नाहीतर स्ट्रेचर हिंदकळतं आणि जखमीचे हाल होतात. माझ्या इतक्या दोषांपैकी तेवढा एक सरकारी कामी आला. बाकीचे तसेच पडून आहेत.

माझा जोडीदार अंगाने दांडगा आणि बोलण्यात कंजूष. त्याला सगळे थोरला म्हणत, कारण त्याचा धाकटा भाऊ आमच्याच तुकडीत ट्रक चालवायचा. थोरला पुढचे दांडे धरायचा, मी मागचे. जखमीला पाय पुढे करून नेतात, त्यामुळे मागच्याला त्याचा चेहरा दिसतो. त्या चेहऱ्यावर नजर ठेवणं हे मागच्याचं काम. बडबड करण्याचं काम मात्र मी आपणहून अंगावर घेतलं होतं. तोंड मिटलं की माझे दात वाजायचे.

एका सकाळी पुलाजवळ ट्रकवर गोळा पडला. आम्ही धावत गेलो, तर रस्त्याकडेला धाकटा पडलेला, मांडी फाटलेली. घट्ट पट्टी बांधली आणि उचलला. दवाखान्याच्या तंबूपर्यंत सगळं उघडं माळरान, गोळे पडतच होते. तिथे क्षणभरही थांबायची सोय नव्हती. थोरल्याला मागे वळून बघता येईना. चालता चालता विचारायचा, "आहे का रे?"

"आहे. माझ्याकडे बघून तोंड वाकडं करतोय."

खरंच करत होता. मी त्याला माझ्या लग्नाची हकिकत सांगत होतो. मला पाहिल्यावर बायकोने आईला विचारलं होतं, 'दुसरा कुणी नाही का?'

अर्धा माळ ओलांडला आणि धाकट्याचा चेहरा थांबला. डोळे अर्धवट उघडे, ओठ पांढरेफटक. हाक मारली, पापणी हलली नाही. नाडी बघायला हात मोकळा कुठे होता? माझी पाचावर धारण बसली. सांगितलं, तर थोरला भावाला कवटाळून तिथेच बसणार, आणि मग तिघेही संपणार.

"आहे का रे?"

"आहे," मी म्हणालो. "झोपलाय. माझ्या गोष्टींनी लोकांना झोप येतेच."

आणि मी पुढे बोलत राहिलो. सासऱ्यांनी मला घोड्यावर बसवलं ते, घोड्याने मला उतरवलं ते. एका मेलेल्या पोराला मी माझ्या फजित्या सांगत होतो. डोळ्यांतलं, नाकातलं पाणी हनुवटीवरून गळत होतं. थोरला पुन्हापुन्हा विचारत होता, मी पुन्हापुन्हा 'आहे' म्हणत होतो.

तंबूत डॉक्टरांनी धाकट्याच्या मानेवर बोटं ठेवली आणि ते ओरडले, "रक्त आणा, लवकर! जिवंत आहे हा."

बोलाफुलाला गाठ पडली होती. एवढं शिकून, एवढी जखमी माणसं वाहून, मी जित्या माणसासाठी अर्धा माळ रडत आलो होतो! लाज वाटायला हवी होती, पण आनंदच इतका झाला की लाजेला जागा उरली नाही.

दुपारनंतर धोका टळल्याचं कळलं. थोरला बाहेर आला आणि माझ्याशेजारी बसला.

"अरे, मधे मला वाटलं..." मी सुरुवात केली.

"ठाऊक आहे. तुझे हुंदके ऐकू येत होते."

"मग सारखं विचारत कशाला होतास?"



"तू 'आहे' म्हणायचास म्हणून."