रंग गेल्यानंतरचं पाणी

काकांच्या नजरेपुढे कारखान्यात कुणाचं काही चालायचं नाही. तीस वर्षं ते रंगारी होते; कापडाची छटा केसभर चुकली तरी पकडायचे. लग्नासाठी मुलगी बघून आले तेव्हा साडीचा रंग तेवढा सांगितला, चेहरा विचारला तर गप्प! पुढे गुडघे गेले आणि त्यांना मागच्या उथळ टाक्यांवर नेमलं. रंगाचं सांडपाणी तिथे पसरायचं आणि त्यात पांढरी पूड ढवळायची. ही पूड म्हणजे उत्प्रेरक. ऊन मिळालं की पाण्यातला रंग तोडते. मग पूड खाली बसली की पाणी कालव्यात सोडायचं.

मी तिथेच प्रयोगशाळेत. कितीदा बजावलं होतं, "काका, आधी रंग जातो, विष मागे राहतं. पाणी नितळ दिसलं तरी चारपर्यंत उन्हात राहू द्या."

"आता तू मला रंग शिकव!"

शनिवारी मी नमुना घ्यायचे, म्हणून शनिवारी काका माझं मन राखायला चारपर्यंत थांबायचे. बाकीचे दिवस पाणी नितळ दिसलं की भर दुपारीच झडप उघडी. मला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

कालव्याच्या टोकाला आत्याचं, काकांच्या धाकट्या बहिणीचं, माशांचं तळं. नवरा गेल्यावर तिचं पोट त्यावरच. एका सकाळी सगळे मासे उलटे तरंगत होते. काका आणि मी तिथे गेलो; मी पाणी तपासलं. तुटलेल्या रंगाचे विषारी तुकडे त्यात तसेच होते.

"दादा," आत्या एवढंच म्हणाली, "तू सोडतोस म्हणून मी निर्धास्त होते रे."

"नितळ होतं गं. तुझी शपथ, अगदी नितळ होतं."

मला काकांचा संताप आला होता, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी खाली वाकून मासे गोळा करू लागले.

दुसऱ्या दिवशी टाकी अकरालाच नितळ झाली. काका काठावर बसून राहिले. चार वाजले, पाच वाजले. माझी चाचणी ठीक आली होती, तसं मी सांगितलंही.

"नक्की ना? उघडू?" त्यांनी विचारलं.

गेल्या शनिवारचा नमुनाही ठीकच आला होता, आणि तरी मासे मेले होते. मी हो म्हणू शकले नाही. ऊन उतरलं, आणि आम्ही दोघं त्या स्वच्छ पाण्याकडे बघत बसलो.