इरुपेची ‘अपूर्ण’ खूण

मोंतेविदेओच्या आमच्या कचेरीत सगळ्यांचा कोड अकरा वर्षं इरुपे सिल्वेरा तपासायची. ती हो म्हणेपर्यंत कामावर ‘अपूर्ण’ अशी खूण ठेवायची, हा नियमही तिचाच. मार्चमध्ये साहेबाने, बेरुतीने, कोड आपोआप तपासणारं सॉफ्टवेअर विकत घेतलं. सगळे प्रकल्प त्याला जोडले, पण ते एकाही प्रकल्पावर अवाक्षर काढेना.

“शुक्रवारपर्यंत चालू कर,” तो इरुपेला म्हणाला. “नाही जमलं, तर सोमवारी येऊ नकोस.”

तिने परवानग्या पाहिल्या, जोडणी तोडून पुन्हा केली. गुरुवारी दुपारी कारण सापडलं. ‘अपूर्ण’ खूण असलेलं काम ते सॉफ्टवेअर वगळत होतं, आणि आमचं प्रत्येक काम त्या खुणेनिशीच तपासणीला येत होतं.

तिने ते सर्वांसमोर सांगितलं.

“म्हणजे ते ठीकच होतं. वाटेत तूच फतकल मारून बसली होतीस की, बाई!” बेरुती म्हणाला. आम्ही हसलो.

तिने खुणा काढल्या. चार मिनिटांत त्रेचाळीस चुका पडद्यावर आल्या. त्यातल्या नऊ तिच्या स्वतःच्या कोडमधल्या होत्या. बेरुतीने त्या नऊ मोठ्याने वाचल्या.

नेहमीप्रमाणे ‘माते’ नावाच्या कडू चहाचा एकच तुंबा सगळ्यांत फिरत होता. आता प्यायची पाळी तिची होती. बेरुतीने तो तिच्यापुढून माझ्या हातात दिला.

“तिला टेबल आवरायचंय,” तो म्हणाला. “आता तपासायला आहे ना ते.”

चहा गरम होता. मी प्यायलो.